शेनिन ब्लाँ आणि सोविन्याँ ब्लाँ: नाशिकच्या दोन पांढऱ्या वाइन

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी गंगापूर रोडला राहतो. ओळखीपाळखीत पांढऱ्या वाइनचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "शेनिन म्हणजे गोड, नवशिक्यांची. जाणकार सोविन्याँ पितात." वायनरीच्या टेस्टिंग रूममध्ये ऐकलंय, दुकानाच्या काउंटरवर तर विकणाराच सांगतो. मला हे अजिबात पटत नाही. का पटत नाही ते सविस्तर मांडतो. बागायतदार आणि वायनरीत काम करणारी मंडळीही इथे वाचतात, त्यांनी भर घालावी.

दोन्ही द्राक्षं नाशिकला बरोबरच आली. सुला या वायनरीने १९९७ साली इथे सोविन्याँ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँची लागवड केली आणि २००० साली पहिल्या बाटल्या बाजारात आणल्या. तोवर आपल्याकडे द्राक्ष म्हणजे थॉमसन, तास-ए-गणेश, सोनाका, म्हणजे मुख्यतः खायचीच. २००१ मध्ये राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आलं आणि पुढच्या काही वर्षांत दिंडोरी, निफाड, विंचूर, इगतपुरी अशा सगळ्या पट्ट्यात वायनऱ्या उभ्या राहिल्या. आता 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकनही आहे. पांढऱ्यात या दोन जाती आपल्याकडच्या बहुतेक वायनऱ्यांत सापडतात.

दोघींचं माहेर फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्यात. तिथल्या व्हूव्रे गावात शेनिनपासून कडकडीत ड्राय (गोडी नसलेली) वाइन करतात, अर्धगोड करतात, पूर्ण गोड करतात आणि फेसाळणारीही करतात. द्राक्ष एकच! दक्षिण आफ्रिकेत तर सगळ्यात जास्त लागवड शेनिनचीच आहे आणि तिथली उत्तम शेनिन बहुतांशी ड्राय असते. मग शेनिन "गोड जात" कशी झाली?

गोडी द्राक्षाच्या जातीत नसते, ती वायनरीत ठरते. पिकलेल्या कुठल्याही द्राक्षात साखर असतेच. यीस्ट ती खाऊन अल्कोहोल करतं. सगळी खाऊ दिली की वाइन ड्राय. मध्येच टाकी गार करून, गाळून यीस्ट काढून टाकलं की थोडी साखर मागे राहते. लिटरला ४ ग्रॅमच्या आत साखर असेल तर साधारणपणे ड्राय म्हणतात. आपल्याकडच्या लोकप्रिय शेनिन मुद्दाम थोडी साखर राखून बनवल्या गेल्या, कारण वाइन पहिल्यांदा पिणाऱ्याला ती चव सोपी जाते. सोविन्याँ ड्राय ठेवायची जगभरची रीत आहे, ती इथेही पाळली गेली. पंचवीसेक वर्षं हेच चाललं आणि बाटलीची धाटणी द्राक्षाच्या नावावर चढली.

माझं म्हणणं याच्याही पुढचं आहे. नाशिकच्या हवेत पांढऱ्या वाइनसाठी जास्त भरवशाचं द्राक्ष शेनिनच आहे.

युरोपात द्राक्ष उन्हाळा उतरताना पिकतं. कापणी जवळ येते तसतशा रात्री गार होत जातात. आपल्याकडे बरोब्बर उलटं. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी), थंडीत मणी भरतात आणि पिकायच्या वेळी ऊन चढायला लागतं. जानेवारीत निफाडचा पारा पार खाली आणि फेब्रुवारी सरता सरता दुपारी अंगाची लाही. या उन्हात मण्यातलं मॅलिक आम्ल झपाट्याने कमी होतं. आम्ल गेलं की पांढरी वाइन मेली, मग सुगंध कितीही असो. शेनिनमध्ये मुळातच आम्ल भरपूर आणि ते धरूनही राहतं. म्हणजे बागायतदाराच्या आणि वाइनमेकरच्या हातात थोडा अवधी उरतो. सोविन्याँ तो अवधी देत नाही.

दोघींची चव कशी ओळखायची तेही सांगतो, कारण पुस्तकी वर्णनात पीच, गूसबेरी असली फळं येतात आणि आपण गोंधळतो. ग्लास फिरवून नाक घाला. सोविन्याँत पेरू, लिंबाचं पान, चिरलेली ढोबळी मिरची, पावसानंतर कापलेलं गवत यातलं काहीतरी लगेच नाकात शिरतं. शेनिन इतकी पुढे येत नाही. पिकलेलं नासपती, सफरचंद, खरबूज, थोडा मध असा वास येतो, आणि थोडं थांबलात तरच येतो. मग घोट घ्या, गिळा आणि गप्प बसा. गालांच्या आतून पाणी सुटायला लागतं, ते किती वेळ सुटत राहतं ते बघा. ते आम्लाचं माप. साखर जिभेला फसवते, पण या पाण्याला फसवू शकत नाही. अर्धगोड शेनिनही या परीक्षेत भल्याभल्या ड्राय वाइनना मागे टाकते.

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः ड्राय शेनिन कोणी प्यायली असेल तर जरूर सांगा.

---

ठाणेकर_खवय्या

वाचनखूण साठवली. एक बाळबोध प्रश्न: दुकानात बाटली हातात घेतल्यावर ती गोड की ड्राय कसं कळणार? पुढच्या शनिवारी घरी मंडळी जमणार आहेत, दोन बाटल्या घ्यायच्यात. त्यात एकाला मधुमेह आहे, तो म्हणतो मला गोड नको.

---

गोदाकाठ

@ठाणेकर_खवय्या, पुढचं लेबल नुसतं चित्रासाठी असतं. बाटली फिरवून मागचं वाचा. ड्राय, ऑफ-ड्राय, सेमी-स्वीट यापैकी काही बहुधा लिहिलेलं असतं. 'लेट हार्वेस्ट' असेल तर ती नक्की गोड, जेवणानंतरची. आणि कापणीचं साल बघा. या दोन्ही वाइन ताज्या असतानाच प्यायच्या. बाटली साधारण दोन वर्षांपेक्षा जुनी असेल तर दुसरी मागा.

गोडीचा हिशेब असा: लिटरला १५ ग्रॅम साखर असलेल्या अर्धगोड वाइनच्या १५० मिलीच्या ग्लासात सव्वादोन ग्रॅम साखर येते, म्हणजे चहाचा अर्धा चमचा. मित्राच्या मधुमेहाचं मात्र त्यांच्या डॉक्टरांनाच विचारा. तिथे साखरेबरोबर अल्कोहोल आणि चालू औषधं यांचाही प्रश्न असतो, त्यावर आपण बोलू नये.

---

मळ्यातून

आमची बाग दिंडोरी तालुक्यात. खायची द्राक्षं वडिलांपासून, वाइनची त्यानंतर. गोदाकाठ भाऊंनी हवामानाचं लिहिलंय ते शंभर टक्के खरं, पण शेनिनला भरवशाची म्हणताना बागेतली दुसरी बाजूही लिहायला हवी.

शेनिनचा घड घट्ट असतो. मणी एकमेकांना इतके चिकटून की आत बोट जात नाही. काढणीच्या तोंडावर पाऊस पडला की पाणी आत शिरतं, एक मणी तडकतो आणि आतल्या आत कूज सुरू होते. वरून घड ठणठणीत दिसतो. उचलून हुंगला तरच आंबूस वास येतो. म्हणून आम्ही पावसानंतर रांगेतून नुसतं बघत जात नाही, घड हातात घेऊन दाबून बघतो. सोविन्याँचा घडही लहान आणि दाटच, पण आमच्याकडे ती लवकर निघते, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चच्या अवकाळीतून बऱ्याचदा सुटते. शेनिन मागे राहते आणि सापडते.

दुसरं, शेनिनचा वेल जोरकस आहे. सोडला तर माल लादतो. आणि माल लादला की मणी पाणचट, ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) चढत नाही, वासही नाही. खायच्या द्राक्षात एकरी टनेज हाच हिशेब डोक्यात बसलेला असतो, त्यामुळे घड कमी करा म्हटलं की घरातच वाद होतात. शेनिन साधी-सपक असते असं ज्यांचं मत झालंय त्यांनी बहुधा जास्त माल घेतलेल्या बागेची वाइन प्यायली आहे. माल हलका ठेवला की तीच शेनिन वेगळी लागते, हे मी स्वतः टाकीतून काढून चाखलंय.

सोविन्याँचं दुखणं पानांचं. कॅनॉपी, म्हणजे पानांचा पसारा, दाट वाढते, घड सावलीत राहतात आणि मग ढोबळी मिरचीचा वास इतका वाढतो की दुसरं काही येतच नाही. त्यासाठी घडाभोवतीची पानं काढावी लागतात. पण सरसकट काढली तर दुपारच्या उन्हात मणी भाजतात. म्हणून पूर्वेकडची, म्हणजे सकाळचं ऊन ज्या बाजूने येतं तिकडची विरळ करायची आणि पश्चिमेकडची राखायची. हे काम मजुराला प्रत्येक रांगेत उभं राहून दाखवावं लागतं. खायच्या बागेत काम केलेला गडी सवयीने दोन्हीकडून मोकळं करून टाकतो.

पैशाचं एकच सांगतो. वाइनच्या द्राक्षाला जीएचं (मणी फुगवणाऱ्या जिबरेलिक आम्लाचं) डिपिंग नाही, मण्यांची विरळणी नाही, मण्याची साइज नाही, त्यामुळे खर्च कमी. भावही निर्यातीच्या द्राक्षापेक्षा कमी, पण करार असला की ठरलेला. मात्र करार पाळला गेला तरच. २००८-०९ च्या मंदीनंतर वायनऱ्यांकडे माल पडून राहिला, तेव्हा आमच्या ओळखीच्या कितीतरी जणांनी वाइनच्या बागा तोडून पुन्हा थॉमसन लावली. आमचाही एका वर्षाचा माल कराराप्रमाणे उचलला गेला नाही. वाइनवर कौतुकाने लिहिणाऱ्यांनी बागायतदाराची ही बाजू ध्यानात ठेवावी एवढीच विनंती.

---

गोदाकाठ

दादा, मनापासून धन्यवाद. घट्ट घडाचं आणि पूर्व-पश्चिमेचं मला एवढ्या बारकाईने माहीत नव्हतं. मालाचा मुद्दा तर धाग्याचा गाभाच आहे. शेनिनची बदनामी निम्मी साखरेने केली, निम्मी टनेजने.

---

हिरवापेरू

मी सोविन्याँच्या बाजूने बोलणार आहे, कारण इथे तिच्यावर अन्याय होतोय असं वाटतं.

धागाकर्ते म्हणतात शेनिन भरवशाची. मान्य. पण भरवसा हा पिकवणाऱ्याचा निकष झाला. पिणाऱ्याने तो का लावावा? चांगल्या सालातली नाशिकची सोविन्याँ ग्लासात ओतली की टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसाला वास येतो. पिकलेल्या पेरूच्या टोपलीसारखा घमघमाट! शेनिनने असं कधी केलंय? शेनिनला थांबा, वाट बघा, गालात पाणी सुटतंय का बघा, एवढं समजावून सांगावं लागतं. सोविन्याँला ओळख करून द्यावी लागत नाही.

आणि "नाशिकची हवा तिला मानवत नाही" हे अर्धंच खरं. न्यूझीलंडमधल्या मार्लबरोत १९७० च्या दशकाआधी सोविन्याँचं नाव नव्हतं, आज तो प्रदेश तिच्यासाठीच ओळखला जातो. मार्लबरो दक्षिणेला ४१ अक्षांशावर, आपण उत्तरेला २० वर, त्यामुळे हवामान एक नाही हे मलाही कळतं. तरी नव्या जागेत एखादी जात बसायला वेळ लागतो. आपल्याकडे पंचवीस-तीस वर्षंच झाली आहेत. उंचावरची, डोंगराच्या आडोशाची, रात्री जास्त गार होणारी शेतं शोधली आणि कापणीचा दिवस नेमका साधला, तर इथली सोविन्याँ स्वतःची अशी उभी राहील. सगळ्यांनी सोप्या द्राक्षाकडे वळावं हा सल्ला मला रुचत नाही.

आणखी एक. ती ड्राय असल्यामुळे लपायला जागाच नाही. द्राक्ष हिरवं तोडलंय, जास्त पिकवलंय, टाकीत गरम झालंय, जे काय असेल ते उघड दिसतं. अर्धगोड शेनिनमध्ये साखर बरंच झाकून घेते. प्रामाणिक वाइन कोणती, तुम्हीच ठरवा.

---

टाकीशेजारी

मी इथल्याच एका वायनरीच्या सेलरमध्ये काम करतो. नाव सांगत नाही, गैरसमज नकोत. हिरवापेरू यांनी जो घमघमाट सांगितला त्यामागचं काम थोडं लिहितो, कारण दोन द्राक्षांमधला खरा फरक मला तिथेच दिसतो.

सोविन्याँत दोन वेगवेगळे वास असतात आणि त्यांची कारणंही वेगळी. ढोबळी मिरचीचा वास पायराझीन गटातल्या रसायनांचा. ती मण्यात आधीपासूनच असतात, मिरचीत असतात तीच, आणि लिटरला काही नॅनोग्रॅम असली तरी नाकाला कळतात. द्राक्ष पिकत जातं, ऊन मिळतं, तशी ती कमी होतात. पेरूचा वास थायॉल नावाच्या रसायनांचा. तो मण्यात नुसता चाखून मिळत नाही. तिथे तो बांधलेल्या अवस्थेत असतो, त्याला वास नसतो. टाकीत यीस्ट त्याची गाठ सोडवतं तेव्हा तो बाहेर येतो. त्यामुळे सोविन्याँची कापणी ठरवताना आमची ओढाताण असते. लवकर तोडली तर मिरची, उशिरा तोडली तर आम्ल गेलेलं. मधला काळ नाशिकला काही दिवसांचाच असतो. रोज सकाळी मणी गोळा करून आणायचे, रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स बघायचा, आम्ल आणि पीएच मोजायचा आणि बिया चावून बघायच्या.

थायॉल अतिशय नाजूक. हवा लागली की जातो, आणि तांबं त्याला बांधून टाकतं. बागायतदार मंडळींनी हे जरूर वाचावं: सोविन्याँवर काढणीच्या जवळ मोरचूद-चुन्याचा, म्हणजे बोर्डोचा फवारा बसला असेल तर ते तांबं रसात उतरतं आणि पेरूचा वास टाकीतच मरतो. डाऊनीची (केवडा रोगाची) भीती मला कळते. पण शेवटच्या टप्प्यात दुसरं काही चालेल का हे आधी वायनरीला विचारा. शेनिनला हा प्रश्न इतका जाचत नाही, तिचा सुगंध थायॉलवर तेवढा टेकलेला नाही.

कापणी पहाटेच उरकतो. माल गार यायला हवा. गार आला की प्रेसमध्ये रस सावकाश काढता येतो, तपकिरी पडत नाही. दोन्ही वाइन आम्ही स्टीलच्या टाकीत कमी तापमानाला, १३ ते १५ अंशांच्या आसपास आंबवतो. बाहेर मार्चचं ऊन असतं तेव्हा टाकीच्या जॅकेटमधून थंड ग्लायकॉल सतत फिरत राहावं लागतं. वीज गेली की पहिली धाव जनरेटरकडे.

शेनिनचं मला सगळ्यात आवडतं ते हे की एकाच बागेतून तीन वाइन निघतात. लवकर, कमी ब्रिक्सला तोडली की स्पार्कलिंगचा बेस. नाशिकच्या फेसाळ वाइनमध्ये शेनिनचा वाटा मोठा आहे, दिंडोरीच्या शाँदाँ वायनरीच्या मिश्रणातही ती वापरली गेली आहे. पूर्ण पिकल्यावर तोडली की नेहमीची टेबल वाइन. आणि वेलीवर सुकत ठेवली, मणी सुरकुतले, साखर दाटली की लेट हार्वेस्ट. सुला आणि निफाडची रेव्हिलो, दोघांचीही लेट हार्वेस्ट शेनिन आहे. इतकी गोड असूनही ती पाकासारखी चिकट लागत नाही, कारण खालून आम्ल तिला उचलून धरतं. सोविन्याँ फ्रान्समधल्या बोर्डो प्रांतातल्या सोतेर्नच्या गोड वाइनमध्येही असते, पण तिथे मुख्य वाटा बहुधा सेमियाँ जातीचा असतो आणि धुक्यात येणारी एक खास बुरशीही लागते. आपल्याकडे ते जमणं अवघड.

हिरवापेरू यांच्या "साखर झाकते" या मुद्द्याला माझं अनुमोदन आहे. पण त्याचा इलाज शेनिन सोडणं हा नव्हे. ड्राय शेनिन बनवणं हा आहे.

---

ओझरकर

+१. टाकीशेजारी, अजून लिहा. वेगळा धागा काढलात तर उत्तम.

---

हिरवापेरू

टाकीशेजारी, तांब्याचं मला नवीन होतं. आमच्या एका आवडत्या बाटलीचा वास एका साली अचानक उतरला होता. कारण हेच असेल असा दावा करत नाही, पण विचारायला एक नेमका प्रश्न मिळाला. ड्राय शेनिनबद्दल तुमचं म्हणणं मान्य. सोविन्याँवरचं प्रेम कायम!

---

चुलीपाशी

बागेचं आणि टाकीचं झालं, आता ताटातलं लिहिते. मला यातलं रसायनशास्त्र येत नाही, पण आमच्याकडे दोन्ही बाटल्या उघडून जेवण करायची पद्धत पडली आहे, त्यातून जे पक्कं झालं ते सांगते.

कोथिंबीर वडीबरोबर सोविन्याँ. यावर माझ्याशी कोणी वाद घालू नये. वडीतला कोथिंबिरीचा हिरवा वास आणि वाइनमधला हिरवा वास गळ्यात गळे घालतात, आणि तळणाचा तेलकटपणा आम्लाने कापला जातो. वडी चांगली खरपूस हवी, कडा कुरकुरीत. वर लिंबू पिळू नका, ते काम वाइन करते. अळूवडीला मात्र सोविन्याँ नको. चिंच-गुळाची गोडी आली की ड्राय वाइन आंबट आणि कडवट लागायला लागते. अळूवडीला अर्धगोड शेनिन घ्या.

नियमच समजा. पदार्थात गूळ असेल, ओलं खोबरं असेल, दाण्याचं कूट असेल तर शेनिन. आपल्या भरल्या वांग्यात हे सगळंच असतं. गोडा मसाला आणि शेनिनमधला मधासारखा वास यांचं फार जमतं. उलट पालेभाजी, काकडीची कोशिंबीर, भाजलेलं पापलेट, तव्यावरचे बोंबील, यांना सोविन्याँ. फ्रान्समध्ये साँसेरबरोबर (लुआरच्या सोविन्याँबरोबर) शेळीच्या दुधाचं चीज खातात असं ऐकून मी घरच्या पनीरला मिरपूड-मीठ लावून बघितलं, तेही चांगलं लागलं.

तिखटाचं सांभाळा. काळ्या मसाल्याच्या रश्श्याबरोबर ड्राय आणि जास्त अल्कोहोलची वाइन घेतली की जाळ दुप्पट होतो, जीभ चरचरते. थोडी साखर असलेली, चांगली गार शेनिन तो जाळ शांत करते. जिला "नवशिक्यांची" म्हणून नाक मुरडतात ती आपल्या रोजच्या तिखट जेवणात सगळ्यात उपयोगी पडते, हे मला ठासून सांगावंसं वाटतं.

आणि पुरणपोळीबरोबर यातली कुठलीच नको. पोळीच्या गोडापुढे दोन्ही आंबट लागतात. लेट हार्वेस्ट असेल तरच काढा.

---

मिसळप्रेमी_पंचवटी

ताई, बाकी सगळं मान्य, पण मिसळीचं काय? नाशिकच्या धाग्यावर मिसळ यायलाच हवी. माझा अनुभव: झणझणीत रश्श्यापुढे शेनिनही टिकत नाही. रश्श्यात तर्री आणि वरून कांदा-लिंबू, जीभ इतकी व्यापलेली असते की वाइन फक्त गार पाणी म्हणून कळते. मिसळीबरोबर ताकच.

---

चुलीपाशी

अगदी मान्य. मिसळीला ताकच. तिथे वाइन उघडणं म्हणजे वाइन फुकट घालवणं.

---

ठाणेकर_खवय्या

सगळ्यांचे आभार. बाटल्या आणल्या. पण दुकानात एक गोष्ट खटकली. पांढऱ्या वाइनच्या बाटल्या काचेच्या दर्शनी कपाटात, थेट उन्हात उभ्या होत्या. मी आतल्या फ्रीजमधल्या मागितल्या तर मालक वैतागला. त्याने एवढा फरक पडतो का?

---

टाकीशेजारी

खूप पडतो, आणि तुम्ही योग्य तेच केलंत. आम्ही १३ अंशांवर जपलेला सुगंध एप्रिलच्या उन्हात काही दिवसांत उतरतो. सोविन्याँ आधी जाते, पेरू जाऊन उकडलेल्या भाजीसारखा वास राहतो. सूर्यप्रकाशाने वेगळी खराबी होते, ती पारदर्शक काचेच्या बाटलीत लवकर होते. बाटली उचलल्यावर हाताला कोमट लागली तर घेऊ नका. नाशिकहून खरेदी करून मुंबईला नेणाऱ्यांनी बाटल्या बंद गाडीच्या डिकीत ठेवून दुपारचं जेवण करू नये, उतरताना बरोबर घ्या. घरी फ्रीजमध्ये दारात ठेवू नका, सारखं हलतं. आडवं-उभं याची चिंता स्क्रू कॅपला नसते आणि आपल्या बहुतेक पांढऱ्या वाइनला आता स्क्रू कॅपच असते.

फ्रीजमधली बाटली सोविन्याँ असेल तर पाच-दहा मिनिटं आधी काढा, शेनिन असेल तर पंधरा-वीस. फार गार असली की शेनिनचा वास येतच नाही आणि मग लोक तिला सपक म्हणतात. उघडलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस ठीक. त्यातही शेनिन जास्त टिकते.

---

मळ्यातून

गोदाकाठ भाऊ, एक शंका. ड्राय शेनिन सगळ्यांना हवी म्हणता, मग वायनऱ्या जास्त बनवत का नाहीत? आम्हाला तरी माल हलका ठेवा असं सांगणारे थोडेच. हलका ठेवला तर किलोचा भाव वाढवून द्यायला हवा, नाहीतर एकरी उत्पन्न कसं बसणार?

---

गोदाकाठ

दादा, अडचण तिथेच आहे. आपली शेनिन स्वस्तातली वाइन म्हणून बाजारात बसली. बाटलीचा भाव खाली, म्हणून द्राक्षाचा भाव खाली, म्हणून बागेत टनेज, म्हणून ग्लासात पाणचटपणा, आणि म्हणून पुन्हा बाटलीचा भाव खाली. ही साखळी बागायतदाराने एकट्याने तोडावी अशी अपेक्षा करणं चुकीचं आहे. किलोवर भाव देण्याऐवजी एकरावर भाव ठरवायचा आणि किती घड ठेवायचे ते वायनरीने सांगायचं, अशी पद्धत बाहेर बऱ्याच ठिकाणी चालते. तुमच्या पट्ट्यात कोणी असा करार करायला तयार आहे का, हे टाकीशेजारी किंवा इतर कोणी सांगू शकलं तर फार बरं होईल.

पिणाऱ्यांच्या हातात एवढंच आहे की मागायचं. टेस्टिंग रूममध्ये गेलात की "शेनिन ड्राय आहे का?" असं विचारा, आणि असेल तर तिचे चार पैसे जास्त द्या.

---

टाकीशेजारी

एकराच्या कराराबद्दल: माझ्या माहितीत थोड्या बागांसाठी असं झालंय, पण ते स्पार्कलिंगच्या आणि वरच्या दर्जाच्या लाल द्राक्षांसाठी. शेनिनच्या टेबल वाइनसाठी मी पाहिलेलं नाही. आमच्याकडे येत्या गोडी छाटणीआधी बैठक असते, तिथे हा विषय मांडतो. दादा, तुमची बाग किती एकर, वेलींचं वय काय आणि खुंट (ज्यावर कलम केलंय ते मूळ) डॉगरीज आहे की ११० आर, एवढं मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बोलताना हातात काहीतरी नेमकं असलेलं बरं.

---

मळ्यातून

व्यनि केलाय. माती परीक्षणाचा कागदही जोडलाय.